बुलेट सरळ जात नाही

रबाळ्यात कुणी ‘बुलेट’ म्हटले की आधी विचारून घ्यावे लागते, कुठली? इथे तीन आहेत.

पहिली ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाते. ती दिसण्याआधी ऐकू येते आणि दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत राहते. मालकाने तिचा मूळ सायलेन्सर काढून माळ्यावर टाकलेला असतो. गुपचूप जायचे तर बुलेट घेतली कशाला? दुसरी अजून यायची आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या त्या गाडीचा बोगदा शेजारच्या घणसोलीतून जातो, पुढे ठाण्याच्या खाडीखाली शिरतो आणि त्यातून ताशी 320 किलोमीटरने गाडी धावणार आहे. रबाळ्याला ती थांबणार नाही. रबाळेकरांना तिचा उपयोग एवढाच, की गावाकडच्या पाहुण्यांना ‘आपल्या जवळूनच जाते, पण खालून’ असे सांगता येईल.

तिसरी बुलेट म्हणजे खरीखुरी गोळी. पहिलीचे तिच्याशी नाते नुसते नावाचे नाही. ‘रॉयल एनफिल्ड’मधले एनफिल्ड हे इंग्लंडमधल्या सरकारी रायफल कारखान्याचे गाव. त्या कारखान्याला सुटे भाग पुरवता पुरवता कंपनीने ते नाव घेतले, ‘बंदुकीसारखी घडवलेली’ असे ब्रीद लावले आणि 1932 साली एका मोटरसायकलचे नावच बुलेट ठेवले. आवाजापुरते ब्रीद आजही पाळले जाते. वेगात मात्र तिसरी बाकी दोघींना ऐकत नाही. दहा मीटर एअर रायफलचा छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे 170 मीटरने निघतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. हा सगळ्यात मवाळ प्रकार, आणि तोही बुलेट ट्रेनच्या जवळजवळ दुप्पट. पन्नास मीटरच्या रायफलची पॉइंट टू-टू गोळी सेकंदाला 325 मीटरच्या आसपास निघते. तिला रबाळ्याहून घणसोलीला जायचे असते, तर पुढचे स्टेशन सांगणारी बाई ‘अगला’ म्हणेपर्यंत पोहोचली असती.

असती म्हणायचे, कारण पोहोचली नसती. वाटेतच जमिनीत शिरली असती. याच मुद्द्यावर रबाळ्यातले एक घर सध्या दुभंगलेले आहे.

असे एक घर रबाळ्यात असणारच, असे धरून चालू. बाप टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. सत्तावीस वर्षे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळून त्याची नजर अशी झाली आहे, की पोळी वाढली तरी तो आधी तिची गोलाई तपासतो. मुलगी नववीत. पॅरिसच्या 2024च्या ऑलिंपिकनंतर घराघरांतल्या पोरांनी जो हट्ट धरला तो हिनेही धरला आणि एअर रायफलच्या शिकवणीला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात तिने घरी येऊन सहज सांगितले, “बाबा, गोळी सरळ जात नाही. निघाल्यापासून खालीच येत असते.”

बापाला हे वाक्य लागले. क्वालिटी कंट्रोलमधला माणूस, कुठलीही वस्तू सांगितल्या रेषेतून जात नाही म्हटल्यावर त्याला झोप येईना. त्याने मुलीचेच विज्ञानाचे पुस्तक उघडले. पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यात सगळे होते. आपण हे शिकलो होतो आणि पंचवीस मार्कांत सोडून दिले होते, एवढेच त्याला आठवले.

नियम साधा आहे, फक्त मनाला पटत नाही. रबाळे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर दीड मीटर उंचीवर एक बंदूक अगदी आडवी धरली आहे असे समजा. मनातच समजा, रेल्वे पोलिसांना सांगू नका. शेजारी तेवढ्याच उंचीवर एका प्रवाशाच्या हातात वडापाव आहे. बार उडाला त्याच क्षणी दचकून वडापाव हातातून सुटला. जमिनीवर आधी कोण? दोघेही एकदम. अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात. गोळी तेवढ्यात बारा डब्यांच्या गाडीचा आठवा डबा गाठील आणि वडापाव चपलेशेजारी पडेल, पण खाली पडण्याच्या कामात दोघांत सूतभर फरक नाही. हवेची लुडबुड सोडली तर पुढे धावल्याने गुरुत्वाकर्षणातून सूट मिळत नाही. ते मोठ्या साहेबालाही तेवढेच लागू आणि वडापावलाही.

“म्हणजे वडापाव वाया गेला,” बायको म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रयोगाचा निष्कर्ष निघाला होता.

बापाने एक्सेल उघडले. पहिल्या रकान्यात अंतर, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात वेळ, चौथ्यात अर्धा जी टी वर्ग. जी म्हणजे 9.81. गोळी किती वेळ हवेत आहे तेवढे सेकंद घ्यायचे, त्यांचा वर्ग करायचा, 4.9ने गुणायचे, मीटरमध्ये उत्तर हजर. पॉइंट टू-टूची गोळी 25 मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर खाली येते. 50 मीटरवर बारा. 100 मीटरवर अर्धा मीटर. पल्ला दुप्पट झाला की घसरण चौपट. हे वाचून त्याला गृहकर्जाच्या व्याजाची आठवण झाली, पण ती त्याने बाजूला सारली. मग लष्करी रायफल घेतली. 7.62 मिलिमीटरच्या एसएलआरची गोळी सेकंदाला 840 मीटरच्या आसपास सुटते, तरीही 300 मीटरवर पोहोचेपर्यंत अर्ध्या मीटरहून जास्त खाली आलेली असते. असली काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात होतात. केळी आणि काडतुसे दोन्ही पुरवणारा जिल्हा देशात दुसरा कुठला असेल, हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

प्रश्न असा, की गोळी बारा सेंटिमीटर खाली येते तर नेम लागतो कसा? उत्तर थोडे लबाडीचे आहे. रायफलची नळी आणि तिच्यावरची दुर्बीण किंवा माशी एकमेकांना समांतर नसतातच. नेमबाज डोळ्याने सरळ चकतीकडे बघत असतो. नळीचे तोंड मात्र चोरून किंचित आभाळाकडे असते. पन्नास मीटरवर ती नळी चकतीच्या बारा सेंटिमीटर वरच रोखलेली असते. गोळी वर चढते, दृष्टीची रेषा ओलांडते, मग खाली उतरून त्याच रेषेला पुन्हा येऊन मिळते. या जुळवणीला झिरो करणे म्हणतात. डोळा एकीकडे, नळी दुसरीकडे आणि निकाल तिसरीकडे. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. शाळेत हाताचे अंतर घेऊन उभे करणारी शिस्त नंतरची. मूळ शिस्तीतच थोडा तिरकेपणा होता, हे पीटीच्या सरांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

सगळ्या गणिताचा पाया म्हणजे वेग, आणि तो मोजायचा कसा यावर माणसाने फार डोके खाजवले. आज दोन प्रकाशझोत शेजारीशेजारी ठेवतात. गोळी पहिला कापते, मग दुसरा. मधल्या वेळावरून वेग निघतो. टीटीसीतल्या पट्ट्यावरून सरकणारी खोकी मोजायला जे सेन्सर लागतात, त्यांचेच हे चुलत भावंड. पण 1742 साली सेन्सर नव्हते. तेव्हा बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने लाकडाचा जड ठोकळा झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. गोळी आत रुतली, ठोकळा मागे झुलला, किती झुलला त्यावरून वेग काढला. दहा किलोच्या ठोकळ्यात दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला 300 मीटरने शिरली, तर ठोकळा जेमतेम अर्धा सेंटिमीटर उचलला जातो. त्या अर्ध्या सेंटिमीटरवरून तीनशे मीटरचा हिशेब. बापाने हे वाचले आणि त्या झुलत्या ठोकळ्याचे चित्र शोधून मोबाइलमध्ये ठेवले. मोजमाप करावे तर असे.

रॉबिन्सने एक घोटाळाही उघड केला. गॅलिलिओने 1638 साली दाखवले होते, की फेकलेली वस्तू छान परवलयात जाते. तोफखान्याचे लोक शंभर वर्षे त्यावर खूश होते. रॉबिन्स म्हणाला, परवलय कागदावर. प्रत्यक्षात हवा वेगवान गोळीला इतकी मागे ओढते, की जुने कोष्टक चुलीत घालावे. हवेचा हा कर गोळीच्या वेगावर लागतो आणि साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. जितके घाईने जाल तितके जास्त द्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल गाडी पळवणाऱ्याला हा नियम पेट्रोल पंपावर कळतो.

तोफांचा पल्ला हा विषय आपल्याकडे मात्र कोष्टकापेक्षा गाइडच्या हाती राहिला. जंजिऱ्यावर कलाल बांगडी तोफ आहे. तिचा गोळा किती लांब जाई, हे होडी किती भरलेली आहे यावर ठरते. चार माणसे असतील तर समोरच्या किनाऱ्यापर्यंत. शाळेची सहल असेल तर डोंगरापलीकडे. हवेचा अवरोध, नळीची उंची, दारूचे प्रमाण यांपैकी काहीही या सूत्रात येत नाही. बापाने सहलीत गाइडला एकदा ‘किती अंश कोनात?’ असे विचारले होते. गाइडने त्याच्याकडे पाहिले आणि पुढच्या गटाला हाक मारली.

इंग्रज-अमेरिकनांना मात्र कोष्टकांवाचून चैन पडेना. तोफेच्या प्रत्येक जातीला, प्रत्येक कोनाला, वाऱ्याला, तापमानाला वेगळा आकडा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे आकडे काढायला गणित शिकलेल्या तरुणी बसवल्या होत्या. त्यांच्या हुद्द्याचे नाव होते ‘कॉम्प्युटर’. साठ सेकंद उडणाऱ्या एका गोळ्याचा मार्ग हाताने काढायला सुमारे वीस तास लागत. मग पेनसिल्व्हानिया विद्यापीठात तीस टनांचे एक यंत्र उभारले. 1946 साली ते जगाला दाखवले. नाव एनिॲक. तोच मार्ग त्याने तीस सेकंदांत काढला, म्हणजे गोळा जमिनीवर पडायच्या आधीच तो कुठे पडणार हे यंत्राला ठाऊक. ते यंत्र चालवायचे काम त्याच कॉम्प्युटर तरुणींपैकी सहाजणींकडे आले.

या गोष्टीचा रबाळ्याशी संबंध आहे. सकाळी रबाळे आणि ऐरोली स्टेशनांवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली जी हजारो माणसे उतरतात आणि माइंडस्पेसच्या काचेच्या इमारतींत शिरतात, त्यांच्या धंद्याचा एक आजोबा म्हणजे ‘गोळी किती खाली येईल?’ हा प्रश्न. आज तिथे कोडिंग करणाऱ्या पोरांना रिक्षा मिळत नाही तेव्हा ते ज्या यंत्राकडे बघून शिव्या घालतात, त्याचा पणजोबा तोफेच्या गोळ्याच्या मागे लागला होता. बापाने हे घरी सांगितले. मुलीला कंटाळा आला. बायको म्हणाली, “अहो, मग त्या यंत्रालाच विचारा ना, गॅस कधी संपेल.”

एक्सेलमध्ये आता हवा आली आणि हवेबरोबर वाद आले. मे महिन्यात रबाळ्यातला प्रत्येक माणूस म्हणतो, ‘हवा काय जड झालीय!’ पदार्थविज्ञान म्हणते, उलट. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी; म्हणून तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा कोरडीपेक्षा विरळ असते. गोळीला घामट दिवशी कणभर सोपे जाते. जड झालेली असते ती बनियन. उंचीचेही तसेच. रबाळे खाडीकाठी, जवळपास समुद्रसपाटीला. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास वर. तिथे हवा थोडी विरळ, म्हणून ओढ थोडी कमी. हे कळल्यावर बापाला कोल्हापूरचे रहस्य उलगडल्यासारखे वाटले. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती. राही सरनोबत कोल्हापूरची, 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण. पॅरिसचा पदकविजेता स्वप्नील कुसाळे तिथल्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. विरळ हवाच! पण ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत एअर रायफलचा जगज्जेता झाला आणि ठाणे काही डोंगरावर नाही. शिवाय पन्नास मीटरवर या विरळपणाचा फरक केसाएवढा. सिद्धान्त तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ढकलून बापाने तो रकाना पुसला.

एक गोष्ट मात्र त्याला खरोखर थक्क करून गेली. पन्नास मीटर रायफलची स्पर्धेची काडतुसे मुद्दाम हळू बनवतात. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 340 ते 350 मीटर. गोळी त्याहून वेगाने निघाली तर वाटेत वेग कमी होताना ध्वनीची वेस ओलांडते, तिथे डगमगते आणि नेम फिसकटतो. म्हणून कारखान्यात दारू अशी मोजतात की गोळी वेशीच्या आतच राहावी. पहिल्या बुलेटच्या मालकांनी लक्षात घ्यावे अशी ही माहिती आहे. ते घेणार नाहीत.

आता कुसाळेकडे येऊ, कारण त्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले. 1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिक, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने. 451.4 गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे वैयक्तिक पदक. पन्नास मीटरवरच्या चकतीतले दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. आणि हा नेमबाज तेव्हा नोकरीला कुठे? मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस. धोनीही एके काळी तिकीट तपासनीस होता, हे कुसाळेने स्वतःच सांगितले आहे. रबाळे स्टेशन मध्य रेल्वेचे. फर्स्ट क्लासच्या डब्यात सेकंड क्लासचा पास घेऊन खिडकीबाहेर पारसिकच्या डोंगराकडे एकाग्र नजरेने बघणाऱ्या प्रवाशांनी जरा विचार करावा. समोरचा काळा कोट पन्नास मीटरवरून बटण टिपणाऱ्या खात्यातला आहे. पुरवणी माहिती एवढीच, की पदकानंतर रेल्वेने कुसाळेला बढती दिली. त्यामुळे तो स्वतः डब्यात येणार नाही.

मुलीच्या पहिल्या छोट्या स्पर्धेच्या आदल्या रात्री बापाचे एक्सेल पूर्ण झाले. अकरा रकाने. दहा मीटरसाठी उत्तर: छर्रा साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येणार. दिसायला क्षुल्लक. पण दहा मीटरच्या चकतीवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याच्या निम्मा. पावणेदोन सेंटिमीटर चुकले तर दहाऐवजी तीन-चार गुण. बापाने प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि सकाळी मुलीच्या हातात दिली.

“हे काय?”

“अगं, घसरणीचे कोष्टक. पाच मीटरपासून शंभर मीटरपर्यंत. तापमानासह.”

मुलीने कोष्टक पाहिले. मग बापाकडे पाहिले. “बाबा, आमचे अंतर दहाच मीटर असते. रोज. आजही. चकती पुढे-मागे होत नाही.”

“मग खाली येण्याचे काय?”

“मागच्या महिन्यात मॅडमनी साइटचे चार क्लिक फिरवायला लावले. झाले ते.”

बाप खुर्चीत बसला. गॅलिलिओ, रॉबिन्स, तीस टनांचा एनिॲक आणि त्याचे तीन शनिवार, सगळे मिळून चार क्लिक. मुलगी पुढे म्हणाली ते त्याला नंतर बराच वेळ पुरले: अंतर कायम, गोळी कायम, हवा बंद हॉलमध्ये कायम, हलते ते फक्त माणूस. रायफल, छर्रा, चकती सगळे ठरलेले वागतात. श्वास, खांदा, छातीतले ठोके आणि मागे बसलेले बाबा, यांचे कोष्टक नसते. शिकवणी वर्गात पालकांना काचेबाहेर बसवतात ते याचसाठी. पनवेलला अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत चारशेपैकी चारशे मारले होते. चाळीस वेळा तोच ठिपका. त्यातला गुरुत्वाकर्षणाचा भाग चाळीसही वेळा सारखाच होता; उरलेले सगळे त्यांचे.

स्पर्धेत मुलगी एकविसावी आली. आठ, नऊ, नऊ, सात, दहा. बापाने आकडे टिपले, सरासरी काढली आणि परतीच्या लोकलमध्ये पहिल्यांदाच काही बोलला नाही. मुलीने तेवढ्यासाठी त्याला वडापाव घेऊन दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाप सकाळी गॅलरीत चहा घेत उभा होता. खाली पेपर टाकणारा मुलगा सायकलवर आला. पाय जमिनीला न लावता त्याने एक गुंडाळी फेकली. ती झाडाच्या फांदीखालून, केबलच्या दोन तारांमधून वर आली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलच्या त्याच खिडकीतून आत पडली, जिथून रोज पडते. बापाने कप ठेवला आणि वाकून विचारले, “अरे, नेम कुठे धरतोस?”

“वरच्या मजल्यावर, काका. मग तुमच्याकडे पडतो.”

“रोज तिथेच?”

“आज नाही. आज पुरवणी आहे ना, जड असतो. आज टाकीवर धरला.”

सायकल निघून गेली. बाप आत गेला, एक्सेल उघडले आणि बारावा रकाना घातला. वर लिहिले: रविवार.